काकांनी अवतरणचिन्हं दिली होती

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण यातला एक शब्दही माझ्या पदरचा नाही.

शनिवारची दुपार होती. दुसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात मी एकटाच.

पण आधी माझं पाप सांगतो.

आम्ही एका लॅबचे रिपोर्ट सांभाळायचो. टाईप केलेली कमांड वाचून तिचे तुकडे पाडणारा प्रोग्राम माझा. दोन शब्दांमध्ये स्पेस, म्हणजे मोकळी जागा, दिसली की तुकडा. अवतरणचिन्हांतले शब्द खरंतर एकत्र ठेवायचे असतात. 'नंतर बघू' म्हणून मी ते सोडून दिलं.

काका आमचे सगळ्यात जुने ऑपरेटर. एकदा त्यांनी "जुनी तपासणी" हा फोल्डर पुसायची कमांड दिली. माझ्या प्रोग्रामने नावाचे दोन तुकडे केले. 'जुनी' नावाचं काही नव्हतंच.

'तपासणी' मात्र होतं...

चालू पेशंटांचे सगळे रिपोर्ट गेले.

"अहो, मी अवतरणचिन्हं दिली होती!" काका कळवळून सांगत होते.

"वय झालं तुमचं," साहेब म्हणाले.

मला सगळं कळलं होतं. तरी मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो.

काकांची नोकरी गेली. चार महिन्यांत काकाही गेले.

त्या शनिवारी मी तोच प्रोग्राम उघडून बसलो होतो. अचानक पंख्याची घरघर थांबली. मग रस्त्यावरचे आवाजही...

पडद्यावर दोन ओळी उमटल्या.

तुकडा १: खरं
तुकडा २: सांग

माझा हात कीबोर्डवर नव्हता.

कुणीतरी थट्टा करतंय म्हणून मी नेटवर्कची वायर उपसली.

पुन्हा तेच...

मी ती चूक दुरुस्त केली. जेमतेम दहा ओळींचं काम. प्रोग्राम पुन्हा सुरू केला...

तुकडा १: खरं सांग

एकच तुकडा. अख्खा.

म्हणजे पाठवणारा अवतरणचिन्हं देत होता. पहिल्यापासून.

सोमवारी साहेबांपुढे सगळं ओकलो. संध्याकाळी काकूंकडे गेलो. दारातच हात जोडले.

"काकू, ती चूक काकांची नव्हती. माझी होती."

काकूंनी मला आत घेतलं, पाणी दिलं.

"किती वेळा तेच सांगशील, बाळा? शनिवारी फोनवर एवढा रडलास. मी तेव्हाच म्हटलं ना, माफ केलं तुला."

ग्लास माझ्या हातातच राहिला.

मी फोन केलाच नव्हता.

काकूंना मी ते सांगितलं नाही. पुन्हा गप्प बसलो.

ती माफी नेमकी कुणी घेतली... मला अजून कळलेलं नाही. मला तर ती मिळालेली नाही.