सोबत मोठं माणूस असल्यास

हेलुविक गावात ज्या घरात फ्रिज आहे त्या घरात फ्रिजवर ते चुंबक असणारच. पोस्टकार्डाएवढं, पिवळं, वर हसऱ्या घड्याळाचं चित्र. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांनी रात्री आठनंतर बाहेर राहू नये. तेरा ते सोळा, दहापर्यंत. एक मेपासून सगळ्यांना दोन तास जास्त. खाली बारीक अक्षरांत आणखी दोन ओळी: वय जन्मसालावरून धरावं, वाढदिवसावरून नव्हे, आणि सोबत मोठं माणूस असल्यास हरकत नाही. लग्नाचा दाखला हरवलेली घरं मला माहीत आहेत. चुंबक हरवलेलं एकही नाही.

हिवाळ्यात हा नियम पाळायला सोपा. दुपारीच अंधार पडतो, पोरं आपण होऊन घरात येतात. खरी पंचाईत होते एप्रिलच्या अखेरीला. आठ वाजता ऊन डोळ्यांवर येत असतं आणि आम्ही पिवळी जाकिटं घालून सांगत फिरतो, चला, रात्र झाली. पोरं आधी आकाशाकडे बघतात, मग आमच्याकडे. त्या नजरेतला आदर वाढत चाललाय असं मला कधी वाटलं नाही.

आम्ही म्हणजे पालकांची गस्त. शुक्रवारी दोघांनी मिळून गावातून एक फेरी मारायची. पाळी खरं तर माझ्या मुलीची, डागनीची. ती मासळीच्या कारखान्यात संध्याकाळी कामाला, जावई समुद्रावर. म्हणून जाकीट माझ्या अंगावर आलं. मी आयुष्यभर बंदरावरचा वजनकाटा सांभाळला. कोळी सांगेल ते ऐकायचं, काटा सांगेल ते लिहायचं. जोडीला स्वाला, बेकरीवाली. माझ्याच सालची, पंचावन्नची. त्या वर्षी गावात आम्ही दोघंच जन्मलो. बाकीच्यांनी बहुधा हवामान बघून बेत रद्द केला.

ती मुलगी आम्हाला पहिल्यांदा दिसली फुटबॉलच्या मैदानाजवळ, कुंपणावर बसलेली. आठ-नऊ वर्षांची. हिरवा लोकरी स्वेटर, केस ओले, जणू आत्ताच तलावात पोहून आली. हवा गोठणबिंदूच्या खाली होती. केस गोठले नव्हते.

आमच्याकडे अनोळखी पोराला आधी नाव विचारत नाहीत, घर विचारतात. घर कळलं की आत्या, चुलते, आजोळ आपण मनातल्या मनात जोडून घेतो. दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे त्या घराचा अपमान.

"कोणाच्या घरातली गं तू?" स्वालाने विचारलं.

"वरच्या आळीतली. निळं घर."

वरची आळी डोंगराच्या पायथ्याशी, बर्फ अडवायला घातलेल्या बांधाच्या पलीकडे. पूर्वी एकदा डोंगरावरचा बर्फ त्या आळीवर कोसळला. तेव्हापासून हिवाळ्यात तिथे राहायला बंदी आहे. एक मेला वीज-पाणी सुरू होतं. मुलांना आहे तशी घरांनाही वेळ नेमून दिलेली. बर्फ कोसळला त्या दिवशी निळ्या घराला काही झालं नव्हतं. ते रिकामंच होतं. आता ते रेक्याविकच्या एका दंतवैद्याचं आहे, आणि तो जूनशिवाय फिरकत नाही.

"ते तर बंद आहे," मी म्हटलं.

"एक मेपर्यंत," ती म्हणाली.

"दंतवैद्याची पुतणी असेल," स्वाला माझ्या कानाशी कुजबुजली. "नाव काय गं बाळ?"

"लोआ."

"आठ वाजून गेले, लोआ."

"मला नियम लागू नाही. माझा जन्म पंचावन्नचा."

स्वालाला हसू आवरेना. "अगं, मग तू आमच्यातलीच की! ओडुर, बघ, ही कशी टिकलीय. नाहीतर तू."

"पेन्शन सुरू झाली का?" मी विचारलं.

"अजून नाही," लोआने सांगितलं. ती हसली नाही. खाली उतरून, पाठ ताठ ठेवून, वरच्या आळीकडे चालायला लागली.

पुढच्या आठवडाभरात मी सहज चौकशी केली. किराणावाल्याला वाटत होतं, ती धर्मगुरूंची भाची. धर्मगुरूंना वाटत होतं, नव्या पोलिश कुटुंबातली. पोलिश बाई म्हणाली, तुमच्या बेकरीवालीची नात ना ती? प्रत्येकाने तिला घर विचारलं होतं आणि प्रत्येकाचं समाधान झालं होतं.

पुढच्या शुक्रवारी धक्क्यावर एगिल आणि फ्लोकी सापडले, आमच्या समोरच्या घरातले भाऊ. दहा आणि सात.

"काय रे, घरचं घड्याळ बंद पडलं का?" स्वाला म्हणाली.

"आमच्याबरोबर मोठं माणूस आहे," एगिल म्हणाला आणि त्याने मागे बोट दाखवलं. दोरखंडाच्या वेटोळ्यावर लोआ बसली होती. केस ओलेच.

"ही? हिचे दुधाचे दात तरी पडलेत का?"

"वय जन्मसालावरून धरावं," लोआ म्हणाली. आवाज शांत, एखादं वाक्य पुष्कळदा म्हणून गुळगुळीत झाल्यासारखा.

मी काट्यावरचा माणूस. नियम आहे तर आहे. त्यात तिची चूक मला दाखवता येईना. तरी पोरांना हाताला धरून घरी पोचवलं. वाटेत फ्लोकीचा हात फार गार लागत होता. मी तो माझ्या खिशात घातला. खिसा गार झाला.

पोलीस शेजारच्या खाडीवरच्या गावात असतो. फोन केला.

"मुलगी करते काय?" त्याने विचारलं.

"काही नाही. नियम पाळते."

"मग तक्रार काय आहे, ओडुर?"

त्याने हवामानाची चौकशी केली आणि फोन ठेवला.

गावात धर्मगुरूंपासून तान्ह्या पोरापर्यंत सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात. मला 'आजोबा' म्हणणारं माणूस एकच, इल्वा. डागनीची मुलगी, आठ वर्षांची. बापाचा फोन आला तर आधी मासे किती मिळाले ते विचारते, मग खुशाली. डागनी कामावर असली की आम्ही दोघं सुका मासा लोण्यात बुडवून खातो आणि जेवलो असं सांगतो.

त्या बुधवारी खाता खाता तिने फ्रिजकडे बघितलं.

"आजोबा, सोबतचं मोठं माणूस आपल्या घरातलंच लागतं का?"

"तसं लिहिलंय का?"

तिने उठून बारीक अक्षरं बोटाने वाचली. "नाही लिहिलेलं."

"कोणाबरोबर जायचंय तुला?"

"कुणाबरोबर नाही." मग परत खुर्चीत बसत, "तिच्या घरी सगळ्यांना जागा आहे. ती म्हणाली."

मी तिला जवळ घेतलं आणि सांगितलं की संध्याकाळी माझ्याशिवाय बाहेर जायचं नाही. ती बरं म्हणाली. इल्वा बरं म्हणाली की करते.

दुसऱ्या दिवशी तीस एप्रिल. आठच्या सुमाराला मी शेगडीवरचं पातेलं उतरवून मागे वळलो, तर इल्वाची खुर्ची रिकामी. दाराजवळ तिचे बूट नव्हते. जाकीट खुंटीवर होतं.

मी सपातांनीच बाहेर पडलो. ऊन डोंगराच्या कपाळावर होतं, खाली गाव निळसर. बेकरीच्या दारात स्वाला उभी. ती वर बघत होती.

बांधाच्या बाजूच्या पायवाटेने मुलं चढत होती. एकामागे एक, हातात हात. पुढे हिरवा स्वेटर. पोलिश बाईची दोन, एगिल, फ्लोकी. सगळ्यात शेवटी इल्वा.

मुलांची एवढी शिस्तीची रांग मी शाळेतही पाहिली नव्हती.

"इल्वा!"

ती वळली. "मी मोठ्या माणसाबरोबर आहे, आजोबा."

धापा टाकत मी पोचलो आणि तिचं मनगट धरलं. दुसरा हात फ्लोकीच्या हातात होता. तो सुटेना. बोटं एकमेकांना चिकटल्यासारखी.

लोआ रांगेच्या कडेने खाली आली. तिच्या केसांतून थेंब पडत होता. बर्फावर त्याची खूण उमटत नव्हती.

"घरी नेतेय त्यांना," ती म्हणाली. "आठ वाजून गेले ना?"

"तिचं घर खाली आहे."

"आज."

मागून स्वाला आली. बेकरीतला पाव भाजायचा मोठा पत्रा तिच्या हातात तसाच होता. "ए पोरी," ती म्हणाली. "वरच्या आळीत आज राहायला बंदी आहे. एक मे उद्या आहे. नियम म्हणजे नियम."

लोआने विचार केला. खरोखर केला, कपाळाला आठी पडली. मग तिने वरच्या आळीकडे पाहिलं, त्या बंद खिडक्यांकडे, आणि मान हलवली.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "उद्यापासून दहा."

मुलांचे हात सुटले.

बाकीच्यांना स्वालाने घरी पोचवलं. इल्वाला मी घरी आणून कढत पाण्यात बसवलं, दोन घोंगड्यांत गुंडाळलं, पहाटेपर्यंत पायाशी बसून राहिलो. ती शांत झोपली. सकाळी तिने दोन वाट्या दही खाल्लं. डागनीला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, बाबा, आता गस्त बंद कर, फार मनाला लावून घेतोस.

एक मेची सुट्टी. डागनी दिवसभर घरी. मासे-बटाट्याचं जेवण झालं, पत्ते झाले, इल्वाने मला दोनदा हरवलं आणि एकदा फसवलं. मला इतकं बरं वाटलं की मी दाराला कडी घातली आहे का ते पुन्हा पाहायचंही विसरलो. मग आठवून पाहिलं. होती.

दहाला थोडा वेळ असताना इल्वा उठली. तिने ताट बेसिनमध्ये ठेवलं, खुर्ची टेबलाखाली सरकवली. जाकीट घातलं, बटणं लावली, वरपासून खालपर्यंत.

"जेवण छान होतं, डागनी," ती म्हणाली. "आभारी आहे."

भांडी घासता घासता डागनी हसली. "अरे वा, पाहुण्याबाई! कुठे निघालात?"

"घरी."

डागनीला ती थट्टाच वाटली. ती मागे वळलीच नाही.

मी दारापाशी जाऊन कडीवर हात ठेवून उभा राहिलो. काचेतून समोर एगिलचं दार उघडलेलं दिसलं. दोघं भाऊ बटणं लावून पायरीवर उभे. वर निळ्या घरात दिवे लागले होते. दंतवैद्याचा जून यायला अजून महिना होता.

इल्वा माझ्यासमोर आली आणि तिने हात पुढे केला, मोठी माणसं निरोप घेताना करतात तसा. मी तो घेतला. तिच्या जाकिटाच्या कॉलरवर एक ओला डाग पसरत होता. त्या दिवशी तिने केस धुतले नव्हते.

गस्तीची सवय. माझ्या तोंडून तेवढंच आलं.

"कोणाच्या घरातली गं तू?"

"वरच्या आळीतली," ती म्हणाली. "निळं घर."

मी कडीवरचा हात काढला नाही. ती वाट बघत उभी राहिली, शहाण्या मुलासारखी, परक्याच्या घरात उभं राहावं तशी. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"उशीर होतोय, ओडुर."