भाकरीशास्त्राचे विभागप्रमुख

डॉ. हुपरीकरांनी फळ्यावर 'शिक्षणाने मिळकत वाढते' असं लिहिलं आणि त्यांच्याच मनगटावरच्या मोलपट्टीने 'तासाला नव्वद रुपये' असा आकडा दाखवला. पहिल्या बाकावरच्या मुलींनी तोही वहीत उतरवून घेतला.

मोलपट्टी येऊन वर्षच झालं होतं. मज्जातंतूंचे संदेश वाचून ती माणसाच्या हाताला आणि डोक्याला खरोखर काय येतं ते ओळखायची आणि शेती, कारखाने, सेवा या तिन्ही क्षेत्रांतल्या त्या सकाळच्या भावाशी ताडून पाहायची. पदव्या तिला वाचता येत नसत. हुपरीकरांच्या मते हा तिचा मूळ दोष होता.

"सर, शनिवारपर्यंत आकडा पाचशेवर न्या," प्राचार्यबाई म्हणाल्या. "नाहीतर संस्था तुमची जागा ठेवणार नाही."

"पण मॅडम, माझा प्रबंधच या विषयावर आहे!"

"म्हणून तर जास्त वाईट दिसतंय."

हुपरीकर घरी आले आणि परात घेऊन बसले. पत्नी मंदाताई परिचारिका. त्यांची पाळी उशिरा सुटे, म्हणून भाकऱ्यांचं खातं लग्नापासून यांच्याकडे. एरवी पीठ लागू नये म्हणून ते पट्टी काढून ठेवत; आज ती मनगटावरच राहिली आणि दुसरी भाकरी थापताना चिवचिवली. नऊशे चाळीस!

"आई, बाबांचा भाव वाढला!" शर्वाणी ओरडली.

यंत्रांना सगळं जमलं होतं, फक्त ज्वारीची भाकरी कडेपर्यंत एकसारखी थापणं जमत नव्हतं. मोठमोठी हॉटेलं असे तळवे दिवा घेऊन शोधत होती.

नुकत्याच दारात आलेल्या मंदाताई म्हणाल्या, "म्हणजे बावीस वर्षं मी हे फुकट खात होते होय?"

शनिवारी प्राचार्यबाईंनी ठेच्याबरोबर दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि जागा वाचली. पण कॉलेज ते कॉलेजच. महिन्याभरात भाकरीशास्त्राची पदविका निघाली, विभागप्रमुख हुपरीकर. पहिलं सत्र : भाकरी, व्याख्या आणि व्याप्ती. दुसरं : भाकरीविषयक विचारप्रवाह. पीठ चौथ्या सत्रात होतं, तेही ऐच्छिक.

नोट्स काढता काढता हुपरीकरांचं थापणं सुटलं; घरच्या भाकऱ्या शर्वाणीकडे गेल्या. दिवाळीनंतर पट्टी पुन्हा नव्वदवर आली आणि प्राचार्यबाईंची चिठ्ठीही.

"पुन्हा शनिवार?" शर्वाणीने तव्यावरची भाकरी उलटत विचारलं. तिच्या मनगटावर आठशे दहा होते.

"हो. आणि तुझ्या प्रवेशाचा उद्या शेवटचा दिवस. हा अर्ज भर, माझ्याच पदविकेला ये."

"आधी एक थापून दाखवा."

हुपरीकरांनी पिठात हात घातला. भाकरी अर्धी झाली आणि कड चिरली. पट्टी गप्प.

शर्वाणीने त्यांचा हात धरला. "बोटांनी नाही बाबा, तळव्याने. मला तुम्हीच शिकवलंत हे. मग तुम्हाला विसरायला कुणी शिकवलं?"