दोनशे चौदा नंबरची पिशवी

"पप्पा, ही माझी तलवार नाही!"

उपासनानं लांबट काळ्या पिशवीची चेन उघडली आणि ती मटकन खाली बसली. आत एक बुटकी लाकडी तलवार होती, अगदी खेळण्यातली म्हणावी अशी!

"असं कसं होईल?" तिचे पप्पा, म्हणजे ईश्वरकाका, जांभई आवरत म्हणाले. "ही लाल फीत बघ ना! मी स्वतः बांधलीय. नागपूरला जाताना आपण बॅगांना बांधतो ना, तशीच. फीत बघूनच तर उचलली."

"काका, त्या भिंतीकडे बघा जरा," तिची मैत्रीण आश्लेषा म्हणाली.

भिंतीलगत शंभरेक पिशव्या उभ्या होत्या आणि निम्म्यांना लाल फिती होत्या! शुभ म्हणून चिनी मंडळींनी बांधलेल्या. आता चिनी युद्धकलेच्या स्पर्धेत लाल रंग असणार नाही तर काय असणार! पण पप्पांना हे कोण सांगणार?

एरवी उपासना चिडली असती. आज चिडायचंही त्राण नव्हतं. पहाटे पाचला न्यू जर्सीतलं पिस्कॅटवे, म्हणजे त्यांचं गाव, सोडलं होतं. तीन तास गाडीत आणि मग पेनसिल्व्हेनियातल्या या कॉलेजच्या जिममध्ये सहा तास बसून काढले होते. एसी बंद पडलेला. अकराचा तिचा गट दोन वाजले तरी सुरू व्हायचा होता. दोन हजार पाचच्या जुलैतला तो शनिवार संपतच नव्हता.

आणि तलवार तिची नव्हतीच! ती लिन सिफूंची होती. सिफू म्हणजे गुरू. सत्तरीच्या लिनबाईंनी ती सरळ, दुधारी तलवार आजवर कुणाच्या हाती दिली नव्हती. पप्पांचा व्हिसा ऑगस्टमध्ये संपत होता, सगळं घर नागपूरला परत चाललं होतं, उपासनाची ही शेवटची स्पर्धा होती. म्हणून बाईंनी काल स्वतःहून तिला ती दिली होती.

"दुसऱ्या कुणाची मागून घेऊ यार," आश्लेषा म्हणाली.

"आणि सिफूंना काय सांगू? तुमची हरवली म्हणून?" उपासना म्हणाली.

पप्पांचा चेहरा उतरला. "मी पार्किंगमध्ये बघून येतो," असं म्हणत ते धावतच गेले.

मग दोघी माइकवरून घोषणा करणाऱ्या काकांकडे गेल्या. त्यांचं टेबल दाराशीच होतं. ते खोक्यावर पाय टाकून सँडविच खात होते. "हरवलंय? फॉर्म भर. संध्याकाळी बघू," ते तोंडातल्या घासासकट म्हणाले.

"संध्याकाळी? तोवर ती पिशवी कुणाच्या तरी घरी पोचेल!" आश्लेषा तिथून परतताना करवादली.

तिचा धाकटा भाऊ अनीश मात्र लाकडी तलवारीच्या पिशवीत डोकं घालून बसला होता. "गाईज, लुक! चिठ्ठी आहे. शस्त्रं तपासताना देतात ती. नंबर दोनशे चौदा! आणि हे शूज बघ. माझी बोटंसुद्धा जात नाहीत."

"म्हणजे पाच-सहा वर्षांचं कुणीतरी," आश्लेषा म्हणाली. "पण बारक्यांचे आयटम तर सकाळीच झाले. ते गेले असतील घरी."

"नो वे! त्यांना मेडल्स कुठे दिलीत अजून? खोकं सापडत नाहीये म्हणून मघाशी सांगितलं ना! मेडल घेतल्याशिवाय मी तर हललोच नसतो!"

उपासना ताडकन उभी राहिली. अनीशच्या लहान डोक्यात कधीकधी मोठा उजेड पडायचा!

"पण शोधायचं कसं?" ती म्हणाली. "नंबर सगळ्यांच्या पाठीवर लावलेत आणि थकून सगळे भिंतीला पाठ टेकून बसलेत."

तेवढ्यात माइक खरखरला. "रिंग चार. उपासना. पहिला पुकारा!"

तीन पुकाऱ्यांत हजर झालं नाही की नाव कट!

आश्लेषा मात्र सरळ माइकवाल्या काकांपुढे जाऊन गोड हसली. "सर, बारक्यांना मेडलसाठी रांगेत उभं करू का? नंबराप्रमाणे, भिंतीकडे तोंड करून. तुमचं काम हलकं होईल."

काम हलकं होणार म्हटल्यावर काकांनी माइकच तिच्या हाती दिला! घोषणा झाली मात्र, सगळीकडून चिल्लीपिल्ली धावत सुटली. दोन मिनिटांत भिंतीशी पाठमोरी रांग तयार. उपासना नंबर वाचत पुढे सरकली. दोनशे अकरा... बारा... तेरा... पंधरा!

"चौदा कुठाय?" तिनं रडवेल्या आवाजात विचारलं.

पंधरा नंबरची चिमुरडी वळली. "तो झोपलाय. तिकडे, वर."

"उपासना. दुसरा पुकारा!"

पायांत गोळे आले होते, तरी ती बाकांच्या पायऱ्या दोन-दोन करत चढली. सगळ्यात वरच्या बाकावर एक आजोबा बसल्या बसल्या घोरत होते आणि शेजारी एक पोरगा गाढ झोपला होता. त्याच्या उशाला लाल फितीची काळी लांब पिशवी!

"आजोबा!" उपासनानं हळूच हाक मारली. त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि हिला चिनी. तिनं बुटकी तलवार दाखवली. आजोबांनी उशी ओढून चेन उघडली, आत पाहिलं आणि कपाळावर हात मारला! मग पिशवी दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली. पोरगा झोपेतच कूस बदलून आजोबांच्या मांडीवर सरकला.

तिसरा पुकारा होता होता उपासना रिंगमध्ये पोचली.

खाली रांगेतल्या पोरांचा कलकलाट चालला होता. "मेडल! मेडल!" शेवटी एका आईनं माइकवाल्या काकांच्या पायाखालचं खोकं ओढून उघडलं. मेडल्स त्यातच होती!

उपासनाला हे नंतर कळलं. तिला त्या क्षणी फक्त हातातली तलवार दिसत होती. खांदे दुखत होते, एका वळणावर तिचा तोल गेला, पण तिनं सावरलं. टोक डगमगू दिलं नाही. तिसरा नंबर आला.

पप्पा घामाघूम होऊन परतले. "चूक माझी, बेटा. उघडून बघायला हवं होतं. तुम्ही तिघांनी मला चांगलाच धडा शिकवलात," ते म्हणाले आणि त्यांनी अनीश-आश्लेषाची पाठ थोपटली.

घरी जाताना उपासना सिफूंकडे थांबली. तिनं त्यांच्यापासून काहीच लपवलं नाही. पिशवी गेली, सापडली, सगळं सांगून तिनं तलवार परत दिली.

बाई हसल्या. "ताजंतवानं असताना कुणीही नीट खेळतं. तू आज पार थकलेली होतीस, तरी तुझी तलवार पडली नाही. आणि वर खरंही सांगितलंस." त्यांनी तलवार पिशवीत सरकवून चेन लावली. "ऑगस्टपर्यंत माझ्या लहान वर्गाला तू शिकव."

आज सगळं संपणार म्हणून उपासना सकाळपासून आतल्या आत रडत होती. आणि आता तिला केवढा आनंद झाला!

"कधीपासून, सिफू?"

"उद्या. सकाळी सात."

"सात?" उपासना भिंतीला टेकली, तिचे डोळे मिटायला लागले होते. "येते."