सुंदराच्या खाचराची सावड

पणजा कान्होजी, आजा मालोजी, बाप आबाजी! तिघांनीही भाताच्या लावणीला साऱ्या वाडीची सावड, म्हणजे फेडीच्या बोलीवरची मदत, घेतली, आणि उलट कोणाच्या शेतात राबायची पाळी आली की ओटीवर बसून सुपारी कातरली. अशा घराण्यात धाकलू जन्मला. घाटातून आगगाडी प्रथम धावली त्या वर्षी, ऐन लावणीत.

आबाजीची बायको जयवंता बाळंतीण, म्हणून शेजारच्या सुंदराने त्यांचे खाचर एकटीने लावून दिले. पुढच्याच वर्षी सुंदराचा धनी गेला, तिचे खाचर पडीक राहिले... आणि आबाजी सावड फेडायला उठला नाही! जयवंता निघाली, तर त्याने दाराला बाहेरून कडी घातली.

पुढे सात वर्षांचा धाकलू ओटीवर बापासारखीच मांडी घालून राबणाऱ्यांना ओरडला, "हात चालवा रं!" जयवंताने ते दारातून ऐकले. मूल बापाची मांडी उचलते, बापाचा आवाज उचलते. आईबापांनी हे विसरू नये. त्याच आठवड्यात तिने पोटचा गोळा साजगावला भावाच्या घरी धाडला. वाडीने तिला कैदाशीण म्हटले, आबाजीने बोलणे टाकले, आणि धाकलूने तिला वर्षानुवर्षे आई म्हणून हाक मारली नाही. भरल्या घरात ती चुलीशी बोलत राहिली...

आबाजी वारल्यानंतरच्या पहिल्या लावणीला धाकलू आला. सुंदराचे रोप पावसाने कुजले होते, आणि जयवंता स्वतःच्या रोपांच्या मुठी तिच्या चिखलात लावीत होती.

"आपली रोपं लोकाच्या शेतात? येडी झालीस काय?"

"तू बस बांधावर. तुझा बाप बसायचा तसा!"

"बाप ठेवलास कुठं मला? टाकलंस तू!"

म्हातारी सुंदरा कमरेवर हात देऊन उभी राहिली. "टाकलं नाय रं, त्या ओटीवरनं उचललं! दर सणाला ही साजगावच्या येशीपातुर यायची, तुला लांबून बघायची नि माघारी फिरायची. मी असायची सोबत."

"मंग भेटली का नाय?"

जयवंता हातातली मूठ सोडवू लागली. "भेटली असती तर तू माझ्यामागं इथं आला असतास रं, बाळा..."

मामा दर लावणीला धाकलूला आधी लोकांच्या खाचरात उतरवी; ते कोणाच्या सांगण्यावरून, हे त्याला आज उमगले. धोतर खोचून तो चिखलात उतरला.

दिवस कलला तेव्हा एकच मूठ उरली होती.

"आई... आपल्या खाचराला रोप ऱ्हायलं नाय."

ती हाक ऐकून जयवंताने डोळे मिटले. "हिचं पडीक राहिलं व्हतं ना रं? यंदा आपलं राहील."

तिने ती मूठ लेकाच्या हाती दिली. धाकलूने वाकून शेवटचे रोप रोवले. बांधापलीकडे आबाजीचे खाचर नुसते पाणी धरून, रिकामे पडले होते.

सुंदराने चिखलाच्या हातांनी जयवंताचे हात घट्ट धरले.

"फिटली गं बाय सावड... सगळी फिटली!"