चार टेबलं आणि पिवळा गोल

"शालू, चारही टेबलांना वेगवेगळे रंग दे हं. सगळी निळीच ठेवलीस तर एक दिवस फसशील," असं बाबा समुद्राखाली जाताना बजावून गेले होते. "बाबा, मी रोज आठ तास संगणकासमोरच असते," म्हणत शाल्मलीनं ते हसण्यावारी नेलं होतं.

बाबा म्हणजे शाल्मलीच्या नऊ वर्षांच्या लेकीचे, कृत्तिकाचे आजोबा. समुद्रतळावरच्या छोट्या प्रयोगशाळेत ते एकटेच राहून प्रवाळांचा अभ्यास करत. दुपारी तीन ते पाच कानाचं यंत्र काढून झोपत. तेवढा वेळ पहारा घरचा. संगणकावरच्या एका खिडकीत एक गोल दिसे. हिरवा असला की तिथली हवा शुद्ध. पिवळा झाला की घरून बटण दाबायचं. तिकडे बाबांचा पलंग गदागदा हले आणि ते उठून हवेची गाळणी बदलत. पिवळ्याचा लाल व्हायला वीसच मिनिटं लागत. लाल मात्र होऊ द्यायचा नाही.

आज साडेतीनला शाल्मलीनं कळफलक (अक्षरांच्या बटणांची पाटी) फडक्यानं खसाखसा पुसला, तशीच पंधरा मिनिटं ऑफिसच्या फोनवर बोलत राहिली. मान वर केली, तर खिडकी गायब! समोर नुसता निळा पडदा. ऑफिसच्या बैठकीसाठी संगणकाचा आवाजही तिनं सकाळीच बंद केलेला, म्हणजे पिवळ्याची घंटाही ऐकू येणार नव्हती.

"कृत्तिका! चित्राला जागा हवी म्हणून आजोबांची खिडकी बंद केलीस ना?"

"मी हातसुद्धा लावला नाही."

"मग काय भूत आलं होतं?"

लेकीची बोटं रंगानं माखलेली. शाल्मलीची नजर तिथून हलेना. मग वाटलं, बाहेरूनच कुणी संगणकात शिरलं असेल तर? ती संगणकाची वायर उपटायला धावली.

"आई, थांब! परवा तू गोडांबेकाकूंच्या दारात किल्ली खटखटवत होतीस, आठवतं?"

"त्याचं आत्ता काय?"

"चौथ्याऐवजी तिसऱ्या मजल्यावर उतरलीस. दार तसंच, पायपुसणंही तसंच. वर म्हणालीस, कुलूप कुणी बदललं! पण आपलं घर कुठे गेलं होतं? वरच होतं. कुकरसुद्धा शिट्ट्या देत होता."

शाल्मलीचा हात थबकला. एकाच संगणकात त्यांनी चार आभासी डेस्कटॉप केले होते (पडदा एकच, पण कामं मांडायला जणू चार टेबलं). एक समोर आलं की बाकीची झाकली जातात. झाकली जातात, बंद होत नाहीत! त्यांच्यावरची कामं आपली चालूच. ठरावीक कळा एकदम दाबल्या की टेबल सरकतं, आणि फडक्याखाली नेमक्या त्याच दाबल्या गेल्या होत्या. समोर आलं ते चौथं, रिकामं टेबल.

"म्हणजे चोर मीच," ती पुटपुटली. "सरकव लवकर!"

कृत्तिकानं कळा दाबल्या. शाळेचं टेबल. पुन्हा दाबल्या. ऑफिसचं. पुन्हा.

गोल पिवळा होता. कडेनं लाली चढू लागली होती.

शाल्मलीनं बटण दाबलं आणि आवाज चालू केला. काहीच नाही. पुन्हा दाबलं, धरूनच ठेवलं.

"उठलो गं बाई, उठलो! कवळी पडेल माझी!"

"बाबा, आधी गाळणी बदला!"

गोल हिरवा होईपर्यंत दोघी पडद्यासमोरच उभ्या. मग आजोबांनी कानाचं यंत्र लावून विचारलं, "रंग दिलेस का टेबलांना?"

"आजोबा, सगळी निळीच आहेत," कृत्तिकानं चुगली केली.

त्याच संध्याकाळी ऑफिसचं टेबल करडं झालं, शाळेचं पोपटी, रिकामं पांढरं. आजोबांच्या टेबलावर कृत्तिकाचं केशरी प्रवाळ आलं आणि वर ठळक नाव: 'आजोबा झोपलेत'. पुढल्या वर्षी तिथे आणखी सहा शास्त्रज्ञ जाणार आहेत, आणि प्रत्येकाच्या घरचा पहारा असाच रंगीत टेबलावर असणार आहे.

शाल्मली मात्र अजून दर दहा मिनिटांनी ते टेबल उघडून पाहते. तिचं तुझ्याकडेही एक मागणं आहे. तुझ्याही घरी, बंद दाराआड, कुणीतरी कानाचं यंत्र काढून झोपलं असेल. हळूच दार लोट आणि एकदा बघून ये.