तिसरं बटण

भाग्यश्रीच्या मुलीचं बारसं झालं, त्या सालची ही हकिगत. दोन हजार तेवीस. अक्षय्य तृतीयेला पाळणा हलला आणि पुढच्या पौर्णिमेच्या आत सगळं होऊन गेलं.

कुणाला बनाव वाटत असेल, तर नाशिकला मखमलाबादकडे चक्कर मारावी. गाडी अजून पोर्चमध्ये उभी आहे.

लाल गाडी. दोनच सीटांची. जमिनीला टेकल्यासारखी बुटकी.

भाग्यश्रीच्या वडिलांचा, मल्हारींचा, गुलाबाचा मळा बिल्डरकडे गेला आणि त्या पैशातून त्यांच्या मुलानं, ललितनं, ती घेतली. मल्हारी म्हणाले, "मळा इकून खेळणं आणलं." त्यानंतर बापलेकांत बोलणं उरलं नाही. त्या गाडीत मल्हारी एकदाही बसले नाहीत.

एकवीस सालच्या गणपतीत ललितला डेंग्यू झाला. विसर्जनाच्या आत पोरगा गेला.

गाडी राहिली.

चालवणारं कुणी नव्हतं. पण सुमनबाई, ललितची आई, रोज दुपारी चार वाजता पोर्चमध्ये यायच्या. किल्लीचं बटण दाबून दार उघडायच्या. आणि...

गुर्रर्र...

ड्रायव्हरची सीट आपोआप मागे सरकायची. आरसा जरा वर व्हायचा. कुलूप लावलं की दोन्ही पुन्हा जागेवर.

यात भुताखेताचं काही नव्हतं. ललित सहा फुटी गडी. त्याचं माप गाडीनं लक्षात ठेवलं होतं. दाराला आतून तीन बटणं होती. एका बटणावर एका माणसाचं माप.

ललितनं एकदा आईला मैदानावर नेऊन स्टिअरिंगवर बसवलं होतं. सुमनबाई बुटक्या. पाय पोचेनात. सीट पुढे, पुढे, अगदी चाकाला पोट लागेपर्यंत आणली, तेव्हा दोघं पोट धरून हसले होते.

"आई, एक नंबर माझा. दोन नंबर तुझा."

"अन् तीन?"

"तीन आप्पांचा. बसतील तेव्हा."

हे सुमनबाईंनी नवऱ्याला सांगितलं होतं.

तर रोज चारला सीट मागे जायची आणि सुमनबाई डाव्या सीटवर बसायच्या. बसून बोलायच्या. काय बोलायच्या ते काचेआड ऐकू यायचं नाही.

उभ्या गाडीची बॅटरी उतरते. म्हणून ललितनं भिंतीवर एक छोटा चार्जर लावून दिला होता, कायम जोडलेला. "आई, हिरवा दिवा म्हणजे गाडी जेवून झोपलीये. लाल दिवा म्हणजे भुकेली." त्या माउलीनं देवापुढचा दिवा एखादे वेळी चुकवला असेल, तो हिरवा दिवा बघायचा कधी चुकवला नाही.

भाग्यश्री बाळंतपणाला माहेरीच होती. बारशानंतर एके दिवशी दिवा हिरवा होईना.

बॅटरी म्हातारी झाली होती.

द्वारका चौकाजवळचा बॅटरीवाला बुद्धभूषण आला. डिकीत वाकून बघितलं.

"काकू, हिला साधी चालणार नाही. बॅटरी डिकीत आहे, बंद जागेत. इथं सीलबंदच लागते. मापही तेच, ताकदही तीच. आणि नवी बसवली की गाडीच्या कॉम्प्युटरला सांगावं लागतं, नवी आलीये म्हणून."

"सून आली की सासूला सांगत्यात तसं," सुमनबाई म्हणाल्या. पुष्कळ दिवसांनी त्या हसल्या.

मग त्यांनी हळूच विचारलं, "सीटचं माप जाणार नाय ना रे?"

"नाही जाणार. जुनी काढायच्या आधी मी दुसऱ्या बॅटरीचा जोड देतो. गाडीला कळतही नाही."

दुसऱ्या दिवशी तो नवी घेऊन आला, तेव्हा मल्हारी फाटकातच उभे होते.

"तो जोड लावू नको."

"काका, सगळी मापं पुसली जातील."

"पुसूनच टाक. जित्तं लेकरू घरात रडतंय, अन् ही इथं लोखंडाशी बोलत बसती. गिऱ्हाईक बघितलंय मी. गाडी जाऊ दे, म्हंजे बाई घरात येईल."

"काकूंना काय सांगू?"

"सांग, जुनीनं अचानक दम तोडला."

बुद्धभूषणनं मान खाली घातली आणि मल्हारींनी सांगितलं तसंच केलं.

चार वाजता सुमनबाई आल्या. किल्ली दाबली. दिवे लुकलुकले. दार उघडलं.

आणि...

काहीच नाही.

सीट जागची हलली नाही. त्यांनी एक नंबर दाबला. बोट तसंच दाबून धरलं. मग झोपलेल्या माणसाच्या खोलीचं ओढावं, तसं दार हळू ओढून घेतलं.

त्या दिवसापासून त्यांनी गाडीकडे जाणं सोडलं. मल्हारींच्या मनासारखं झालं. पण बाई नातीकडेही गेल्या नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या.

दुसऱ्या सकाळी चार्जरचा दिवा लाल होता.

नवी कोरी बॅटरी. पूर्ण रिकामी.

रात्रभर कुणी दिवे लावून बसावं, तशी.

दिवसभरात ती पुन्हा भरली. सकाळी पुन्हा रिकामी. तिसऱ्या सकाळीही तेच.

मल्हारींनी दार उघडून आत हात घातला. डावी सीट गार होती. ड्रायव्हरच्या सीटवर हात ठेवला आणि...

सीट गरम होती.

ऊन अजून पोर्चमध्ये आलंही नव्हतं.

ते घरात आले तर सुमनबाई अंथरुणात उठून बसलेल्या.

"तो येतो रातचा," त्या म्हणाल्या. "जागा हुडकतो. त्याला त्याची जागा घावत नाय."

"येडी झाली का तू?"

"अहो, तुम्ही सांगितलं ना त्या बॅटरीवाल्या पोराला?"

"मी काय सांगणार? जुनी मेली अचानक."

"मग नातीच्या डोक्यावर हात ठिवून सांगा."

भाग्यश्री मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. ती दचकली. "आई, काहीतरीच काय! तान्ही आहे ती."

सुमनबाईंनी नवऱ्यावरची नजर काढली नाही.

मल्हारी पुढे झाले. त्या मऊ टाळूवर त्यांनी हात ठेवला.

"शप्पथ. मी काय बी सांगितलं नाय."

एवढ्या वर्षांच्या संसारात नवरा कधी खोटं बोलतो, हे बाईला कळत नसेल?

तिन्हीसांजेला त्यांनी मीठमोहऱ्या घेऊन नातीची दृष्ट काढली. विस्तवावर मोहऱ्या तडतडल्या. सुमनबाई पुटपुटल्या, ते भाग्यश्रीनं स्वतःच्या कानांनी ऐकलं.

"हिच्यावर येणारं माझ्यावर येऊ दे."

दुसऱ्या दिवशी गुरुवार. बुद्धभूषण सकाळीच आला. मीटर लावून एकेक वायर तपासली.

"गाडी काहीच खात नाहीये, काका. बॅटरीचाच दोष असेल. काढून नेतो, दुकानात ठेवून बघतो. उद्या बुद्धपौर्णिमा, जयंतीची सुट्टी. परवा आणून देतो."

त्यानं बॅटरी काढली आणि स्कूटरवर ठेवून नेली. चार्जरची पिन मल्हारींनी स्वतः उपसून ठेवली.

म्हणजे नीट ध्यानात घ्या. गाडीत बॅटरी नव्हती. भिंतीची वीज नव्हती. नुसता पत्रा उभा होता.

दुपारी घर झोपलेलं होतं. मल्हारी गाडीवर कव्हर घालायला पोर्चमध्ये आले. बाहेर लख्ख ऊन. शेजारच्या बंगल्यात कुकरच्या शिट्ट्या. समोरून भंगारवाला ओरडत चाललेला.

कव्हरचं टोक त्यांनी धरलं आणि...

गुर्रर्र...

कव्हर हातातून सुटलं.

काचेतून दिसत होतं. ड्रायव्हरची सीट मागे सरकत होती. सावकाश. पार मागे, ललितच्या मापाला जाऊन थांबली. आरसा वर झाला.

भंगारवाल्याचा आवाज बंद झाला. कुकर बंद झाला. झाडावरचा कावळासुद्धा गप्प.

मल्हारींना हाक मारायची होती. पोराचं नाव जिभेवर येईना. इतकी वर्षं घेतलंच कुठं होतं?

मग दाराची काच बोटभर खाली आली. आतून कुणी कडी उचलली की या गाडीची काच अशीच उतरते.

दार मात्र उघडलं नाही.

पुन्हा...

गुर्रर्र...

आता सीट पुढे येऊ लागली. पुढे. आणखी पुढे. कुणीतरी बारकं बसणार असावं, तशी पार चाकाला भिडली.

बारकं.

मल्हारींना आपला हात आठवला. ती मऊ टाळू आठवली.

ते धावत सुटले. उंबऱ्याला ठेच लागली, नख उलटलं, त्याचं भान नव्हतं. पाळण्याशी जाऊन दुपट्यात हात घातला.

पोर उबदार होती. मूठ चोखत झोपली होती.

मल्हारी तिथंच खाली बसले आणि ढसाढसा रडले. भाग्यश्री जागी झाली. "आप्पा? काय झालं?"

"काय नाय. पोर बरी हाय. बरी हाय पोर."

"आई कुठंय?"

तेव्हा त्यांना ध्यानात आलं. सीट एवढी पुढे येते, ती कुणाच्या मापाला.

मधल्या खोलीत सुमनबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. भाग्यश्रीनं खांद्याला हात लावला. अंग अजून कोमट होतं. डॉक्टर म्हणाले, झोपेत हृदय थांबलं. थोडं आधी कुणाचं लक्ष गेलं असतं तर...

सीट सरकताना बघून मल्हारी आधी पाळण्याकडे धावले होते, बायकोकडे नाही. हे त्यांनी लेकीला अजून सांगितलेलं नाही. सगळं कळलं ते बुद्धभूषणला. तो शनिवारी बॅटरी परत घेऊन आला, तेव्हा फाटकातच मल्हारींनी त्याचा हात धरून सांगितलं. त्यानं बॅटरी बसवली नाही. ती त्याच्या दुकानात फळीवर पडून आहे. तिला कुणी चार्ज करत नाही. तरी तो अधूनमधून मीटर लावतो, तर ती भरलेलीच असते. ती विकायची त्याची हिंमत होत नाही.

गाडीचं गिऱ्हाईक मल्हारींनी परत पाठवलं. रोज चारला ते पोर्चमध्ये जातात. साध्या किल्लीनं दार उघडतात. सीट आहे तिथंच आहे, पुढे, चाकाला भिडलेली. त्या सीटवर ते बसत नाहीत. नुसते वाकतात आणि तीन नंबरचं बटण दाबतात.

दाबून धरतात.

कान लावून उभे राहतात...

काही हलत नाही.

ललित वारला दोन हजार एकवीसच्या सप्टेंबरात. सुमनबाई वारल्या चार मे दोन हजार तेवीसला, बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दुपारी. मल्हारी अजून आहेत.