वच्छलाबाईंची वेचणी

मेंदू हुकूम सोडतो, मग हात हलतो. हुकूम आधी, हात नंतर. एवढंच मोजायला मी यवतमाळहून यंत्र घेऊन मारेगावच्या पुढच्या एका गावात गेले होते. बोंडअळीचं वर्ष. शेतात निम्मी बोंडं किडकी, आणि मी कापूस वेचणाऱ्या बायकांच्या डोक्याला वायरी चिकटवत बसलेली. लोकांनी मला हाकलून दिलं नाही, हेच नवल.

वेचणीत वच्छलाबाईंचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं. त्या वर्षी सीतादहीला, म्हणजे पहिल्या वेचणीच्या पूजेला, त्यांनी कापूस भरायची आपली ओटी सुनेच्या, वैष्णवीच्या कमरेला बांधली. त्याच संध्याकाळी त्यांना लकवा मारला. दोन्ही हात गेले, बाकी बाई ठणठणीत. डॉक्टरही चक्रावले.

सासूसुनेला मी वायरी लावून पडवीत समोरासमोर बसवलं. बाईंनी वेचणी नुसती मनात आणायची, वैष्णवीने सुपातली बोंडं वेचायची. वैष्णवीची बोटं झरझर चालू लागली. पडद्यावर तिच्या मेंदूतून मात्र हुकूम उठतच नव्हता. तो उठत होता बाईंच्या मेंदूतून, आणि त्याच्या पाठोपाठ वैष्णवीची बोटं हलत होती.

वायरींची अदलाबदल झाली असणार म्हणून मी स्वतःवरच चिडले. सगळ्या काढून पुन्हा लावल्या. तेच.

"म्या नाही वेचत, मॅडम," वैष्णवी हळूच म्हणाली. "हातच वेचून राह्यले. सीतादहीपासून असंच हाये. नर्सिंगले नंबर लागला माहा, यवतमाळले. बॅग भराले बसली, तं हात उठेच ना."

"पोरगी कामाची हाये," वच्छलाबाई म्हणाल्या आणि माझ्याकडे बघून हसल्या.

मला त्या हसण्याचा संताप आला. "चल माझ्याबरोबर, आत्ताच," मी वैष्णवीला म्हटलं. ती तशीच निघाली. नवरा वणीला कापसाच्या जिनिंगवर कामाला, अडवणारं कोणी नव्हतं.

फाट्यावर एसटी थांबली. दांडा धरायला तिचे हात वर येईनात. दोन्ही खांद्यापासून लोंबत राहिले.

"जाऊ द्या, मॅडम. असे हात घेऊन कोनाले सुई देऊ मी?"

ती गावाकडे वळली. मी यवतमाळला आले आणि वायरींचा दोष म्हणून ते सगळं निकालात काढलं. मन मात्र मानेना, म्हणून महिन्याभराने पुन्हा गेले.

दुपारची जेवणं चालली होती. वैष्णवी ओळखू येऊ नये इतकी वाळली होती. ती सासूला भरवत होती. भाकर कुस्करून, वरणात कालवून, लहान लहान घास. बाईंच्या गालांवर तुकतुकी आली होती.

"तू जेवलीस?" मी विचारलं.

वैष्णवीने नुसती मान हलवली. नाही.

मी घास केला आणि तिच्या तोंडाशी नेला. तिने अधाशासारखं तोंड उघडलं.

तिचा हात वर आला. माझ्या बोटांतला घास त्याने अलगद काढून घेतला आणि वच्छलाबाईंना भरवला.